बुलिमिया ओळखायचा कसा? वजनाकडे नको, सवयींकडे बघा

(रमजानच्या आधी भरलेल्या युवा शिबिरात दातांच्या डॉक्टर असलेल्या एका कार्यकर्तीने केलेलं हे भाषण.)



कार्यक्रमपत्रिकेवर 'दातांच्या डॉक्टर' असं वाचून काहींना वाटलं असेल, की आता मिसवाक चांगलं की ब्रश, यावर तासभर ऐकावं लागणार. तो वाद आपण चहाच्या वेळी घालू. आज मला ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे, तो मनाचा आजार आहे. ज्याला तो होतो तो माणूस घरच्यांपासून, मैत्रिणींपासून, फॅमिली डॉक्टरपासूनही तो लपवतो. पण दातांपासून लपवता येत नाही. म्हणून असा पेशंट पुष्कळदा आधी माझ्यासारखीच्या खुर्चीत येऊन बसतो.

आजाराचं नाव बुलिमिया.

काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी अम्मीबरोबर माझ्याकडे आली. तिची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत, आणि हे सगळं सांगायला तिची परवानगी घेतली आहे. तक्रार साधी होती. थंड पाणी प्यायलं, चिंच-कैरी खाल्ली की दातांत कळ जाते. मुलगी हसरी, अभ्यासात हुशार. अंगानं म्हणाल तर बारीक नाही, जाडही नाही. मी आरसा घालून वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू पाहिली. तिथलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, झिजून गुळगुळीत झालं होतं आणि आतला पिवळसर थर दिसत होता. बाहेरून दात ठीक. खालचे दातही बरे.

असं कशामुळे होतं? पोटातलं आम्ल वारंवार तोंडात आल्यामुळे. उलटी होताना खालच्या दातांना जीभ थोडंफार झाकते, वरच्या दातांची आतली बाजू मात्र उघडी राहते. आम्लपित्ताच्या जुन्या त्रासातही आम्ल वर येतं, त्यामुळे नुसते दात बघून निदान करता येत नाही. पण विचारावं तर लागतं.

मी विचारलं, आणि तिथेच चुकले. अम्मी शेजारी उभी असतानाच मी म्हटलं, "तुला उलट्या होतात का गं?" मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. अम्मीचा तिच्याहून जास्त. लग्न न झालेल्या मुलीला उलट्या होतात म्हटल्यावर आपल्याकडे आईच्या मनात पहिली शंका कोणती येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. "नाही डॉक्टर, कधीच नाही," मुलगी म्हणाली. दोघी गेल्या. पुढची दीड वर्षं ती माझ्याकडे फिरकली नाही.

झिजलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही. चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसासमोर विचारलेल्या एका प्रश्नाची किंमत त्या मुलीनं दीड वर्ष मोजली. म्हणून आज दोन गोष्टी सांगते. हा आजार ओळखायचा कसा, आणि ओळखल्यावर बोलायचं कसं. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

आजार आहे तरी काय?

बुलिमिया या शब्दाचं मूळ ग्रीक आहे. बैल आणि भूक हे दोन शब्द जोडून तो झाला, म्हणजे बैलाची भूक. १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या ३० पेशंटचा अभ्यास करून 'बुलिमिया नर्व्होसा' या नावानं हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. दुखणं त्याआधीही असणार. त्याला नाव मिळालं ते तेव्हा.

या आजारात तीन गोष्टी एकत्र असतात.

पहिली, खाण्याचा झटका. थोड्या वेळात, समजा दोनेक तासांत, इतर कुणी खाणार नाही इतकं खाणं. आणि खाताना 'आता मला थांबता येत नाही' ही भावना. ही भावना महत्त्वाची आहे. लग्नात बिर्याणी दोनदा वाढून घेतली तर तो बुलिमिया नव्हे. ते आपण सगळेच करतो आणि मजेत करतो. झटक्यात मजा नसते. चवही कळत नाही, असं पेशंट सांगतात.

दुसरी, खाल्लेलं 'फेडण्याची' धडपड. मुद्दाम उलटी करणं, जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणं, दिवसदिवस उपाशी राहणं, अंग मोडेपर्यंत व्यायाम करणं. यातलं एखादं किंवा अनेक.

तिसरी, स्वतःची किंमत वजनावरून आणि अंगाच्या आकारावरून ठरवणं. परीक्षेत पहिला नंबर आला तरी वजनकाटा पुढे सरकला असेल तर तो दिवस वाया गेला, असं वाटणं.

हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल, तर डॉक्टर त्याला बुलिमिया म्हणतात. पण कुणी महिनाभरच हे करत असेल तर तीन महिने पूर्ण व्हायची वाट बघू नका. लवकर मदत मिळाली तर सुटका सोपी होते.

आता याचं चक्र समजून घ्या. माणूस ठरवतो, उद्यापासून भात बंद, रात्रीचं जेवण बंद. शरीर भुकेलं होतं. भुकेलं शरीर ऐकत नाही, एक दिवस ते डब्यावर तुटून पडतं. मग शरम वाटते. शरमेपोटी उलटी. उलटीनंतर क्षणभर हलकं वाटतं, आणि मग निश्चय होतो, उद्यापासून आणखी कमी खायचं. पुन्हा भूक, पुन्हा झटका. बाहेरच्याला वाटतं की हिच्या जिभेवर ताबा नाही. खरं तर चक्र सुरू होतं ते अतिरेकी ताब्यापासून, उपाशी राहण्यापासून. "जरा मनाला आवर घाल" हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो तो यामुळेच.

आणि या सगळ्या खटाटोपानं वजन उतरत नाही. उलटी होईपर्यंत बरंचसं अन्न पुढे गेलेलं असतं. जुलाबाच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी आणि क्षार जातात. काटा एक दिवस मागे येतो, पाणी प्यायलं की परत तिथेच. म्हणून बुलिमिया असलेली माणसं बहुतेक वेळा साधारण वजनाची किंवा थोडी जास्त वजनाची असतात. अनोरेक्सिया नावाचा दुसरा आजार असतो, त्यात माणूस दिसण्याइतका सुकतो, घरचे घाबरतात, डॉक्टरकडे नेतात. बुलिमियात तसं काही दिसत नाही. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायना यांनी १९९५ मध्ये बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत आपल्याला बुलिमिया होता हे उघडपणे सांगितलं. जगातले सगळे कॅमेरे त्या बाईवर रोखलेले असत, तरी हा आजार कुणाला फोटोत दिसला नव्हता. मग आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीचा आपल्याला कसा दिसावा? तिच्या वजनाकडे बघून तर नाहीच.

कुठे बघायचं?

चार ठिकाणी बघा. एकच खूण दिसली म्हणून कुणावर शिक्का मारू नका. तीन-चार एकत्र दिसायला लागल्या, तर गांभीर्यानं घ्या.

एक, जेवणाभोवती. सगळ्यांसमोर चिमणीसारखं खाणं, पण फ्रीजमधलं किंवा डब्यातलं बरंच काही गायब होणं. बिस्किटांचे, चिप्सचे, मिठाईचे रिकामे पुडे कपाटात, गादीखाली, पर्समध्ये सापडणं. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात जाणं. पाहुण्यांत, दावतीत जेवायचं टाळणं. 'हे हलाल-हराम'च्या यादीसारखी अन्नाचीही 'चांगलं' आणि 'वाईट' अशी यादी करणं, आणि 'वाईट' खाल्लं की स्वतःला गुन्हेगार समजणं.

दोन, जेवणानंतर. जेवण संपलं की लगेच, दर वेळी, बाथरूममध्ये जाणं. नळ किंवा शॉवर मुद्दाम जोरात सोडून ठेवणं. बाहेर आल्यावर डोळे लाल, पाणावलेले. वेळी-अवेळी ब्रश करणं, सतत माउथवॉश, च्युइंगम किंवा बडीशेप. मेडिकलमधून जुलाबाच्या गोळ्या पुन्हापुन्हा आणणं.

तीन, अंगावर. दातांचं सांगितलंच. भरलेला दात असेल तर त्याच्या आजूबाजूचं इनॅमल झिजतं आणि सिमेंट वर उचलल्यासारखं दिसतं. दोन्ही गालांच्या मागच्या बाजूला, कानाच्या पुढे, लाळेच्या ग्रंथी सुजतात. चेहरा गोल, फुगीर दिसतो. गालगुंडासारखंच, पण ताप नाही आणि फार दुखतही नाही. गंमत बघा, त्या फुगलेल्या गालांमुळे मुलीला वाटतं की आपण आणखी जाड झालो. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर दात घासून पडलेले घट्टे किंवा व्रण दिसू शकतात. डॉक्टर मंडळी या खुणेला रसेल यांचंच नाव देतात. घसा कायम बसलेला, छातीत जळजळ, चक्कर, थकवा, पायांत गोळे येणं, पाळी मागेपुढे होणं, या आणखी काही खुणा.

चार, बोलण्यात आणि वागण्यात. दिवसातून चार-पाचदा वजन करणं. आरशासमोर तास घालवणं किंवा आरसा पूर्ण टाळणं. उन्हाळ्यातही ढगळ कपडे. ताप असतानाही व्यायाम न चुकवणं. मैत्रिणींपासून तुटत जाणं, चिडचिड, एकटेपणा. आणि वारंवार एकच वाक्य: "मला माझीच किळस येते."

हे वाक्य ऐकलं तर बाकीच्या खुणा मोजत बसू नका. त्या माणसाजवळ बसा.

आता धोक्याचं सांगते, कारण "दात झिजतात, एवढंच ना?" असं कुणाला वाटू नये. उलट्या आणि जुलाबांमधून शरीरातलं पोटॅशियम निघून जातं. हृदयाचे ठोके नीट पडायला ते लागतं. पोटॅशियम फार खाली गेलं तर ठोके बिघडतात आणि वरून धडधाकट दिसणारा तरुण माणूस अचानक दगावू शकतो. म्हणून छातीत धडधड, बेशुद्ध पडणं, उलटीत रक्त, अशी वेळ आली तर उद्यावर ढकलू नका. त्याच क्षणी दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. मरणाची, जीव देण्याची भाषा ऐकली तरी तेच. त्या माणसाला एकटं सोडू नका.

मी मघापासून 'मुलगी, मुलगी' म्हणते आहे. हा आजार मुलींत जास्त दिसतो, हे खरं. पण मुलग्यांनो, तुम्ही सुटलेला नाहीत. कुस्तीसारख्या वजनगटाच्या खेळात वजनाच्या दिवसाआधी पाणी तोडणं, घाम काढणं, उपाशी राहणं आणि वजन दिल्यावर तुटून पडणं चालतं. जिममध्ये 'कटिंग'च्या नावाखाली आठवडाभर उकडलेलं खायचं आणि रविवारी झटका, मग शिक्षा म्हणून तीन तास ट्रेडमिल. मुलगा हे करतो तेव्हा त्याला आपण 'डेडिकेशन' म्हणतो. त्याला विचारणारं कुणीच नसतं.

आपल्या घरात तो लपतो कसा?

हा आजार सगळ्या धर्मांत, सगळ्या देशांत आहे. पण लपायला जागा तो प्रत्येक घरात वेगळी शोधतो. आपल्या घरातल्या जागा आपणच ओळखल्या पाहिजेत.

पहिली जागा, रिश्त्याची बोलणी. मुलगी बघायला आलेली माणसं, तिच्या तोंडावर: "चेहरा सुंदर आहे, थोडी कमी झाली तर..." खाला, फूफी, शेजारीण, सगळ्यांना तिच्या अंगावर बोलायचा हक्क असतो. हे बोलणं एकट्यानं आजार निर्माण करत नाही, त्याला स्वभाव, आनुवंशिकता, घडलेले आघात अशी बरीच कारणं असतात. पण डाएटची ठिणगी अनेकदा तिथे पडते.

दुसरी जागा, उलटीबद्दलची दहशत. उलटी म्हणजे एक तर 'तसली' शंका, नाहीतर नजर, करणी, जिन्न. मुलीला बाबाकडे नेतात, ताबीज बांधतात, काही महिने जातात. दुआ करा, त्यात दिलासा असतो. पण पोटॅशियम ताबिजानं भरून येत नाही.

तिसरी जागा मला सगळ्यात जास्त सलते. रमजानमध्ये पाळीच्या दिवसांत मुलींना रोजा नसतो. पण किती घरांत मुलगी त्या दिवसांत उघडपणे जेवते? अब्बा, भाई यांना कळू नये म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्याउभ्या दोन घास कोंबते, कुणी आलं की ताट लपवते. सहेरीला सगळ्यांबरोबर उठून रोजा असल्याचं नाटक करते. म्हणजे ज्या धर्मानं तिला खायची मुभा दिली, त्याच्याच नावानं आपण तिला बाराव्या-तेराव्या वर्षापासून चोरून खायला शिकवतो. यानं प्रत्येकीला बुलिमिया होत नाही. पण ज्या मुलीचं खाण्याशी नातं आधीच बिघडलंय, तिला लपवण्याची सवय आपण आयती हातात देतो.

रमजान आणि बुलिमिया

यावर थोडं सविस्तर बोलते, कारण चार-पाच आठवड्यांत रमजान येतोय.

मघाचं चक्र आठवा. दिवसभर उपास, मग एकदम खाणं, मग अपराधी वाटणं. बुलिमिया असलेल्या माणसासाठी रमजानचा दिवस त्या चक्राच्या मापाचाच असतो. दिवसभर न खाल्ल्याबद्दल कुणी विचारत नाही, उलट कौतुक होतं. इफ्तारला भजी, समोसे, फालुदा समोर येतं आणि भरपूर खाणं नजरेत भरत नाही. मग मगरिब आणि तरावीहच्या धांदलीत बाथरूममध्ये कोण किती वेळ होतं, हे कोण बघतो? आणि दिवसा मुद्दाम उलटी झाली तर रोजा तुटला हे तिला माहीत असतं, लहानपणीच शिकवलेलं असतं. आजाराच्या शरमेवर आता गुनाहची शरम चढते. कझा रोज्यांचा हिशेब वाढत जातो. तो हिशेबही ती कुणाला सांगू शकत नाही.

दुसरी बाजू उपचाराची. बुलिमियासाठी सगळ्यात भरवशाचा उपचार म्हणजे सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धती. तिची पहिली पायरी काय असते? नियमित खाणं. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं काही, आणि जागेपणी तीन-चार तासांहून मोठी फट पडू द्यायची नाही. भूक साठली नाही तर झटका येत नाही, हे त्यामागचं साधं शास्त्र. आता सांगा, चौदा तासांचा रोजा आणि हा उपचार एकत्र कसे चालतील? बऱ्याच पेशंटच्या बाबतीत नाहीच चालत.

मी आलिमा नाही. पण कुराण आपण सगळे वाचतो. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत, जिथे रोज्याचा हुकूम आहे तिथेच, आजारी माणसाला आणि मुसाफिराला सूट दिलेली आहे आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, त्रास नको, हेही सांगितलं आहे. सलमान फारसी आणि अबू दरदा यांचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. अबू दरदा दिवसा रोजे आणि रात्रभर इबादत करायचे. सलमान यांनी त्यांना सोबत जेवायला लावलं, रात्री झोपायला लावलं आणि समजावलं, की रबचा जसा तुमच्यावर हक्क आहे तसा तुमच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे. रसूलुल्लाह यांनी सलमान यांचं म्हणणं खरं ठरवलं.

डायबेटिस असलेल्या अब्बांना डॉक्टरांनी रोजा नको म्हटलं तर घरात कुणी प्रश्न विचारत नाही. मनाचा आजार हाही आजारच आहे, त्याला वेगळा न्याय का? रोजा ठेवायचा की नाही, हे पेशंटनं आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं, हवं तर समजदार आलिमशीही बोलावं. खात्यात जमा झालेल्या रोज्यांचं काय, कझा की फिदिया, ते नंतर बघता येतं. एक मात्र लक्षात ठेवा. "काही झालं तरी मी सगळे रोजे ठेवणारच" असं एखादी फार हट्टानं म्हणत असेल, तर तो ईमानही असेल. पण कधीकधी तो आजाराचा आवाज असतो, ज्याला उपाशी राहायला एक इज्जतदार कारण मिळालेलं असतं. तिलाच शांतपणे विचारा, तुझ्या मनात यातलं काय आहे? तिला उत्तर माहीत असतं.

बोलायचं कसं?

मी केलं तसं नाही, हे पहिलं.

दस्तरखानावर बोलू नका. जेवणाच्या आधी नको, नंतरही नको. चारचौघांत नको. दोघंच असाल, निवांत असाल, तेव्हा बोला. वजन, अंग, दिसणं हे विषय काढूच नका. "तू बारीक झालीस" हे कौतुकही नको आणि "तू तर छान आहेस, तुला काय झालंय" हेही नको. आपल्याला काय दिसलं आणि काय वाटलं, तेवढं सांगा: "गेले काही दिवस जेवण झालं की तू उठून जातेस, नंतर गप्प असतेस. मला तुझी काळजी वाटते. बोलायचं असेल तर मी आहे." ती नाही म्हणेल. चिडेलही. वाद घालू नका. "ठीक आहे, पण मी आहे" म्हणा आणि आठवड्यानं पुन्हा विचारा.

बाथरूमला कुलूप लावणं, पाळत ठेवणं, ताटावर बसून खायला लावणं, कसम घालणं, यानं आजार आणखी खोल लपतो. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. "तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका दिसला तर मदत आणीन" असं म्हणा. तेवढंच खरं वचन आपण देऊ शकतो.

आणि हे ऐकणाऱ्यांपैकी कुणी स्वतःच या चक्रात असेल, तर माझ्या धंद्यातला एक सल्ला. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. आम्लानं इनॅमल मऊ झालेलं असतं, ब्रशनं ते खरवडून निघतं. साध्या पाण्यानं चूळ भरा, निदान अर्धा तास थांबा. यानं आजार बरा होत नाही, दात थोडे वाचतात. बरं व्हायला माणसं लागतात.

कोणती माणसं? आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन. पोटॅशियमसाठी रक्ताची तपासणी आणि ईसीजी होईल. मग मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ, जमलं तर आहारतज्ज्ञही. काहींना फ्लुऑक्सेटिनसारखं औषध दिलं जातं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे जा. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर १४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये आत्ता टाका. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, २०२२ मध्ये सुरू झाली. फोन फुकट, चोवीस तास चालू, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं.

हक्कांची भाषा आपल्या चळवळीत आपण रोज बोलतो, म्हणून हेही सांगते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्येकाला सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देतो. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरवर बंधन आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरलं पाहिजे, असंही तो कायदा म्हणतो. उपचार मागणं ही मेहरबानी मागणं नाही.

त्या मुलीचं काय झालं?

दीड वर्षानं ती परत आली. एकटी. रमजान महिन्यावर आला होता. खुर्चीत बसली आणि तोंड उघडायच्या आधी म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही तेव्हा विचारलं होतं ना, त्याचं उत्तर हो आहे." मी हातमोजे काढून ठेवले. त्या दिवशी दातांचं काहीच काम केलं नाही.

पुढे तिचे उपचार सुरू झाले. अम्मीला सांगायला तिला मानसशास्त्रज्ञांची मदत लागली. अम्मी खूप रडली, मग सावरली. रोजे ठेवू नयेत, असं डॉक्टरांनी त्या वर्षी स्पष्ट सांगितलं. घरात कुजबुज सुरू झाली, लोक काय म्हणतील. तेव्हा तिच्या दादीनं एक काम केलं. पहिल्या रोज्याच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, दादीनं बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, नातीसाठी चहा आणि खिमा-पाव मांडला. स्वतः रोजा होती. शेजारी तस्बीह घेऊन बसली आणि म्हणाली, "खा बेटा, दारामागे जायचं काम नाही."

ती मुलगी आता नोकरी करते. पूर्ण बरी आहे का? मधूनमधून वाईट आठवडे येतात, ते ती लपवत नाही. या आजारातून बरेच जण बाहेर येतात, पण सरळ रेषेत कुणी येत नाही.

तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी होणार नाही. पण त्या दादीचं काम करायला डिग्री लागत नाही. येत्या रमजानमध्ये आपापल्या घरी एवढंच करून बघा. ज्याला रोजा नाही, कारण काहीही असो, त्याला न विचारता, न टोकता, उजेडात बसून जेवू द्या. कुणाच्या अंगावर कुणी शेरा मारला तर तिथल्या तिथे विषय बदला. आणि जेवण झाल्यावर रोज कुणीतरी घाईनं उठून जातंय असं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी, दोघंच असताना, तिला हाक मारा.

आता प्रश्न विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचे नसतील, त्यांच्यासाठी मी चहानंतर मागच्या खोलीत थांबते आहे. दार लावून घेऊ.